शर्यतीची सुपारी कोण देतं?

२०२३ च्या ऑक्टोबरात हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या खात्यातून लंडनच्या एका कंपनीला दोन हप्त्यांत जवळपास ४६ कोटी रुपये गेले, तेही पौंडांत. परदेशी कंपनीला पैसे दिल्यामुळे त्यावरचा आठ कोटींच्या आसपास कर प्राधिकरणालाच भरावा लागला. मोटार शर्यतींचं नियमन करणाऱ्या भारतीय संघटनेचं शुल्क वेगळं. सगळं मिळून आकडा ५५ कोटींना टेकला. या पैशांत हैदराबादला मिळणार होती विजेवर चालणाऱ्या मोटारींची एक शर्यत, १० फेब्रुवारी २०२४ रोजी. ती झालीच नाही.

बिदर-गुलबर्ग्याच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. आजही मोठं दुखणं निघालं, पोराला इंजिनिअरिंगला घालायचं झालं किंवा लग्नाचा बस्ता बांधायचा झाला, तर भालकी-हुमनाबादकडची गाडी बंगळुरूऐवजी जहीराबादवरून हैदराबादच्या रस्त्याला लागते. त्यामुळे तिथल्या हुसेनसागर तलावाच्या काठावर सरकारी पैशाचं काय झालं, हा सीमाभागातल्या वाचकाच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. शिवाय प्रश्न एकट्या हैदराबादचा नाही. मोटार शर्यतीसारख्या महागड्या खेळाचं मैदान किंवा यजमानपद एखाद्या शहरानं लोकांच्या पैशांतून विकत घ्यावं का, घ्यायचं तर कुणाला विचारून घ्यावं, हा जगभर वादाचा विषय आहे. त्यावर शहरांनी काढलेली उत्तरं एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

आधी हैदराबादची हकीकत.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये फॉर्म्युला ई या जागतिक मालिकेची शर्यत खरोखरच झाली होती. एनटीआर गार्डन, नवं सचिवालय आणि नेकलेस रोड यांना कवेत घेणारा २.८३ किलोमीटरचा, अठरा वळणांचा मार्ग शहराच्या रस्त्यांवरच आखला होता. २०१३ नंतर भारतात झालेली ही पहिलीच जागतिक अजिंक्यपदाची मोटार शर्यत. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. महिंद्राचा संघ या मालिकेत २०१४ पासून, म्हणजे अगदी पहिल्या हंगामापासून आहे आणि महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना बिदरच्या वेशीवर, जहीराबादला आहे. तेव्हा ही शर्यत या मुलखाला तशी घरचीच म्हणायची. तलावाभोवतीचे रस्ते काही दिवस बंद राहिले, लोकांनी कुरकुर केली, पण दूरदर्शन संचांवर शहर झकास दिसलं.

या शर्यतीचा करार समजून घेतल्याशिवाय पुढची भानगड कळत नाही. जत्रेत तमाशाचा फड आणणाऱ्या गावाला हा व्यवहार चटकन समजेल. फडाला सुपारी आधी द्यावी लागते. तंबू भरला किंवा पावसानं रात्र वाया गेली, तरी फडाचे पैसे पक्के. जोखीम सुपारी देणाऱ्याची. मोटार शर्यतीच्या जगातही मालिकेचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत, ती यजमानाकडून शुल्क घेते. दूरचित्रवाणीचे हक्क आणि मोठे प्रायोजक बहुतेक तिच्याच हाती राहतात. यजमानाच्या वाट्याला तिकिटं, थोड्या स्थानिक जाहिराती आणि सगळा खर्च येतो. हा यजमान म्हणजे प्रमोटर.

हैदराबादच्या मूळ करारात हा प्रमोटर खासगी होता. जानेवारी २०२२ मध्ये तेलंगण सरकार आणि फॉर्म्युला ई यांच्यात इरादापत्र झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन पक्षांचा करार झाला: लंडनची फॉर्म्युला ई ऑपरेशन्स, हैदराबादची एक खासगी कंपनी आणि तेलंगणचं नगरविकास खातं. शुल्क आणि आयोजनाचा खर्च खासगी कंपनीनं उचलायचा, सरकारनं रस्ते, बंदोबस्त, नागरी सोयी बघायच्या, अशी विभागणी होती. अनेक हंगामांचा बेत होता. कागदावर यात वावगं काही नव्हतं. शहरानं रस्ते दुरुस्त केले तर शर्यतीनंतर ते रस्ते लोकांच्याच कामाला येतात.

पहिल्या शर्यतीनंतर खासगी प्रमोटरला तोटा झाला आणि त्यानं अंग काढून घेतलं. या टप्प्यावर सरकारपुढे दोन वाटा होत्या. नवा प्रमोटर शोधायचा, नाही सापडला तर शर्यत सोडून द्यायची. किंवा प्रमोटरच्या जागी स्वतः उभं राहायचं. तत्कालीन नगरविकास मंत्री के. टी. रामाराव यांच्या खात्यानं दुसरी वाट धरली आणि पैसे दिले महानगर विकास प्राधिकरणानं. ज्या धंद्यात एका वर्षात खासगी कंपनीचे हात पोळले, त्यात सार्वजनिक संस्था पूर्ण जोखमीसह उतरली. सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच. पुढे गाजलेल्या आरोपांइतकी चर्चा या निर्णयाच्या शहाणपणाची झाली नाही, हे नवल आहे.

मग वेळापत्रकही गोत्यात आलं. तेलंगण विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता ९ ऑक्टोबर २०२३ ला लागू झाली. पुढे या व्यवहाराचा तपास करणाऱ्या यंत्रणेच्या म्हणण्यानुसार पैसे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले आणि सरकारला प्रमोटरच्या जागी बसवणारा नवा करार झाला ३० ऑक्टोबरला. म्हणजे सुपारी आधी, बोलणी कागदावर नंतर. डिसेंबरात सत्तापालट झाला, रेवंत रेड्डी मुख्यमंत्री झाले आणि नव्या सरकारनं करार पाळायला नकार दिला. जानेवारी २०२४ मध्ये फॉर्म्युला ईनं शर्यत रद्द झाल्याचं जाहीर करून सरकारवर करारभंगाचा ठपका ठेवला.

१९ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हा नोंदवला. त्यात रामाराव यांच्यासह एक ज्येष्ठ सनदी अधिकारी आणि प्राधिकरणाचे मुख्य अभियंता यांची नावं आहेत. मंत्रिमंडळाची आणि वित्त खात्याची मंजुरी नव्हती, परकीय चलनाचे नियम पाळले नाहीत, आचारसंहिता सुरू असताना करार केला, असे आरोप आहेत. सक्तवसुली संचालनालयही मागोमाग आलं. गुन्हा रद्द करण्याची रामाराव यांची याचिका उच्च न्यायालयानं ७ जानेवारी २०२५ रोजी फेटाळली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यपालांनी त्यांच्यावर खटला चालवायला मंजुरी दिली. रामाराव यांचं म्हणणं असं की, पैसे बँकेतून थेट आयोजकाला गेले, त्यातला एक रुपयाही कुणी खाल्लेला नाही, आणि हे सगळं राजकीय सूडापोटी चाललं आहे. दोषी कोण याचा निवाडा न्यायालय करील. शहराच्या हिशेबापुरतं बोलायचं, तर प्राधिकरणाच्या हाती त्या पैशांतून ना शर्यत आली, ना जमीन, ना मैदान.

रामाराव यांनी आणखी एक मुद्दा मांडला आणि तो जगभर मांडला जातो, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवं. पहिल्या शर्यतीमुळे शहराला सुमारे ७०० कोटी रुपयांचा आर्थिक लाभ झाला, असं एका पाहणीच्या आधारे त्यांनी सांगितलं. असे आकडे काढण्याची पद्धत ठरलेली आहे. बाहेरून आलेल्या प्रेक्षकांनी हॉटेल, टॅक्सी, जेवणखाण यांवर केलेला खर्च धरायचा, तो पुढे बाजारात फिरतो म्हणून त्याला गुणक लावायचा आणि दूरचित्रवाणीवर शहर जितका वेळ दिसलं तितक्या वेळेच्या जाहिरातीची किंमत त्यात मिळवायची. यातला शेवटचा भाग कुणाच्याही खिशात पडत नाही. पहिल्या भागातले पैसे हॉटेलवाल्याला आणि विमान कंपनीला मिळतात. शुल्क भरणाऱ्या प्राधिकरणाच्या तिजोरीत त्यांतला कराचा लहानसा वाटाच, तोही फिरून फिरून येतो. शिवाय स्थानिक कुटुंबानं शर्यतीच्या तिकिटावर खर्च केलेले दोन हजार रुपये एरवी त्यानं शहरातच कुठंतरी खर्च केले असते. म्हणून ७०० कोटींचा लाभ आणि ५५ कोटींचा खर्च हे एकाच वहीतल्या दोन रकान्यांत लिहिता येत नाहीत. दोन्ही वह्या वेगळ्या, त्यांचे धनीही वेगळे.

रस्त्यावरच्या शर्यतीत शहर फक्त यजमानपद विकत घेतं. कायमचं मैदान उभारायचं किंवा घ्यायचं म्हटलं, की जमीन आली. भारतात त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण दिल्लीजवळ, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचं आहे.

यमुना द्रुतगती मार्ग औद्योगिक विकास प्राधिकरण या उत्तर प्रदेश सरकारच्या संस्थेनं २००९-१० च्या सुमारास जेपी समूहाच्या कंपनीला खास विकास क्षेत्र म्हणून सुमारे १००० हेक्टर जमीन दिली. त्यातल्या एका भागावर हर्मन टिल्के या जर्मन रचनाकारानं आखलेला ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक झाला. ट्रॅक खासगी पैशातून झाला, पण पायाखालची जमीन शेतकऱ्यांकडून सरकारी अधिकारानं घेतलेली. मोबदल्यावरून गावांत धुसफूस होती आणि पहिल्या शर्यतीच्या तोंडावर तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलनाचा इशारा दिला होता. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथं फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री झाली. सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला. पहिल्या वर्षी ९५ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, दुसऱ्या वर्षी ६५ हजारांवर आले. २०१३ नंतर फॉर्म्युला वन भारतात परतलेली नाही.

सरकारनं शर्यतीला रोख अनुदान दिलं नव्हतं, पण करमणूक कर माफ केला होता. करमाफी म्हणजे न दिसणारं अनुदानच. एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तिकीट विक्रीतली पंचवीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावली. २०१७ साली त्याच न्यायालयानं आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला: शर्यतीचे तीनच दिवस का असेनात, बुद्ध सर्किट हे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायमचं व्यवसायस्थान धरलं जाईल आणि इथल्या कमाईवर इथं कर भरावा लागेल. जागतिक खेळ-कंपन्यांच्या भारतातल्या कराराची भाषा या निकालानं बदलली.

जेपी समूह कर्जात बुडाला, जमिनीचे हप्ते थकले. फेब्रुवारी २०२० मध्ये प्राधिकरणानं ते १००० हेक्टरचं वाटप रद्द केलं. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं हा निर्णय उचलून धरला. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, तिथं मोटोजीपीची दुचाकी शर्यत झाली. या हकीकतीत डौल काहीच नाही. तरी हैदराबादशी तुलना केली की एक फरक उठून दिसतो. नोएडात करार मोडला तेव्हा सरकारी संस्थेच्या हातात परत घेण्यासारखी जमीन होती.

चेन्नईनं तिसराच मार्ग घेतला. तमिळनाडूच्या क्रीडा प्राधिकरणानं एका खासगी आयोजकाशी हातमिळवणी करून आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर फॉर्म्युला फोर शर्यत ठरवली आणि त्यासाठी सुमारे ४२ कोटी रुपये काढले. डिसेंबर २०२३ ची तारीख मिचाँग चक्रीवादळानं हुकवली. मद्रास उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये शर्यतीला परवानगी देताना सरकारनं खर्च केलेले पैसे आयोजकानं परत करावेत, अशी अट घातली. शर्यत ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला दिव्यांच्या उजेडात पार पडली. ती अट मात्र पुढे सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकली. खेळासाठी सरकारनं किती खर्च करावा हा धोरणाचा भाग आहे, ही भूमिका कायद्याला धरून आहे. पण मग धोरणावर चर्चा करायची जागा विधानसभा आणि महापालिका हीच उरते, आणि तिथं ती झाली पाहिजे.

तमिळनाडूतच याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथं स्वतःचा ट्रॅक उभारला. आधी हाच क्लब शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती घ्यायचा. कोइम्बतूरजवळचं करी स्पीडवे हेही खासगी. भारतातले बहुतेक शर्यतपटू याच दोन ट्रॅकवर तयार झाले.

शहरानं किंवा जिल्ह्यानं ट्रॅक सरळ विकत घेतल्याची उदाहरणं परदेशात सापडतात. फ्रान्सच्या मधोमध न्येव्र नावाचा शेतीप्रधान जिल्हा आहे. तिथल्या मान्यी-कूर गावच्या महापौरानं, ज्याँ बेर्निगो यांनी, १९६० साली आपल्या शेतात छोटा ट्रॅक केला होता. १९८० च्या दशकात जिल्हा परिषदेनं तो विकत घेतला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ हे याच भागातून राजकारणात वर आलेले, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या भाषेत ज्याला वरदहस्त म्हणतात तो होता. १९९१ ते २००८ अशी अठरा वर्षं फ्रेंच ग्रां प्री तिथं झाली. लीजिएचा शर्यत संघ मुक्कामालाच आला, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने भोवती उभे राहिले. ग्रां प्री गेल्यावर जिल्ह्याच्या पदरात ट्रॅक आणि ते कारखाने उरले.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची गोष्ट बिदर-गुलबर्ग्याच्या, म्हणजे कल्याण कर्नाटकातल्या वाचकानं सावकाश वाचावी अशी आहे. आयफेलचा डोंगराळ मुलूख विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागासलेला, हाताला काम नसलेला. आडेनाऊचे जिल्हाप्रमुख ओटो क्रॉइट्झ यांनी रोजगार देणारं काम म्हणून शर्यतमार्गाची कल्पना रेटली. १९२५ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२७ मध्ये ट्रॅक सुरू झाला. इतक्या वर्षांत त्यानं आयफेलला जगाच्या नकाशावर आणलं, यात शंका नाही. पुढे विकला जाईपर्यंत मालकीत राज्याचा वाटा नव्वद टक्के होता, जिल्ह्याचा दहा.

घोटाळा पुढे झाला, तोही ट्रॅकच्या शेजारी. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य सरकारला वाटलं की शर्यतीवर भागणार नाही, बारमाही पर्यटन हवं. मग हॉटेलं, सभागृह, दुकानं आणि एक रोलर कोस्टर यांचा प्रचंड प्रकल्प काढला. पैसा खासगी गुंतवणूकदार घालणार, असं लोकांना सांगितलं होतं. २००९ च्या जुलैत त्या गुंतवणूकदाराचा चेक वटला नाही. राज्याच्या अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, पुढे त्यांच्यावर खटलाही चालला. प्रकल्पाचं उद्घाटन झालं, पण सगळा बोजा राज्यावर पडला. ३३ कोटी युरोंच्या आसपास खर्च झाला होता. २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं आणि २०१४ मध्ये ट्रॅकसह सगळी मालमत्ता ७ कोटी ७० लाख युरोंना विकली गेली. रोलर कोस्टर तर काही दिवसच फिरला. मूळ ट्रॅक १९२७ पासून आजवर चालू आहे.

ऑस्ट्रेलियातलं बाथर्स्ट हे आपल्याकडच्या भालकी किंवा बसवकल्याणच्या अंगाचं गाव. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम देण्यासाठी सरकारी निधीतून गावालगतच्या टेकडीवर चढणारा फिरायचा रस्ता बांधला. १९३८ मध्ये तो खुला झाला आणि त्याच वर्षी ईस्टरला त्यावर पहिली शर्यतही झाली. माउंट पॅनोरामा हा ६.२१३ किलोमीटरचा रस्ता गावच्या परिषदेचा आहे. वर्षातून मोजके दिवस तिथं देशातली सगळ्यांत मोठी शर्यत होते. उरलेल्या दिवसांत तो साधा सार्वजनिक रस्ता असतो. कडेला लोकांची घरं आहेत आणि वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. शर्यत बंद पडली तरी गावाकडे रस्ता राहतोच. सार्वजनिक पैशाची याहून सोपी हमी शोधून सापडणार नाही.

शहराला इतका पैसा उभा करायचा असेल तर सरळ मार्ग कर्जरोख्यांचा. अमेरिकेत शहरं क्रीडागारांसाठी सर्रास रोखे काढतात आणि तिकिटावरचा अधिभार, भाडं, विक्रीकर यांतून फेडतात. नॅशव्हिल शहरात जत्रेच्या मैदानावर शहराच्याच मालकीचा जुना ट्रॅक आहे. तो मोडून दुसरं काही करण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा ऑगस्ट २०११ मध्ये नागरिकांचं मतदान झालं आणि सुमारे ७१ टक्के मतदारांनी मैदान आणि शर्यती राखण्याच्या बाजूनं कौल दिला. पुढे एका मोठ्या शर्यत कंपनीबरोबर ट्रॅकच्या नूतनीकरणाची योजना आली, तिला रोख्यांचा आधार होता. २०२३ मध्ये मैदान मंडळानं ती मंजूर केली, पण शहर परिषदेत ती अडकली. लोकांना हे रटाळ वाटतं, पण पैसा बाहेर जाण्याआधी वाद होतो, एवढं नक्की.

भारतातही महापालिका रोखे काढतात. पुण्यानं २०१७ साली चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजानं २०० कोटी उभे केले. हैदराबाद महापालिकेनं २०१८ मध्ये ८.९० टक्क्यांनी तेवढेच काढले, तेही रस्त्यांच्या आणि उड्डाणपुलांच्या योजनेसाठी. रोखे काढायचे तर पतमानांकन करून घ्यावं लागतं, ताळेबंद उघडा करावा लागतो, पैसे कशाला हवेत आणि फेडणार कसे हे लेखी सांगावं लागतं. कर्ज काढणं असं जिकिरीचं असतं तेच बरं. ज्या प्राधिकरणाकडे भूखंड विकून आलेला रोख पैसा आहे, त्याला यातलं काहीच करावं लागत नाही. एक फाइल आणि काही सह्या पुरतात. हैदराबादचे ५५ कोटी रोख्यांतून उभे करायचे असते, तर शर्यतीतून परतफेड कशी होणार हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारला असता आणि बहुधा तिथंच प्रकरण थांबलं असतं.

मग मोटारींच्या ट्रॅकवर सरकारनं पैसा घालूच नये का? घालावा, पण शर्यतीहून निराळ्या कामासाठी. केंद्र सरकारनं इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र उभारलं, तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. महाराष्ट्रात अहिल्यानगरला संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा आहे, तिच्याकडे रणगाड्यांपासून मालमोटारींपर्यंत सगळ्यांसाठी चाचणीमार्ग आहेत. असा ट्रॅक वर्षभर वापरात असतो. कंपन्या शुल्क भरून गाड्या आणतात. भोवती तंत्रज्ञ, गॅरेज, आयटीआयची पोरं यांना काम मिळतं. ह्युंदाईनं २०२४ मध्ये तेलंगणात वाहनचाचणी केंद्र काढण्याची घोषणा केली, तेव्हा हा धंदा दख्खनच्या पठारावर येतो आहेच. महिंद्राचा कारखाना जहीराबादला असताना बिदरच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलांसाठी एका दिवसाच्या झगमगाटापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

सुविधा उभी राहिली आणि वापरच बसला, हे या भागानं पाहिलेलं आहे. गुलबर्ग्याचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, बिदरहून फेब्रुवारी २०२० मध्ये विमान उडालं. उडान योजनेत विमान कंपनीचा तोटा काही वर्षं सरकार भरून देतं. बिदरची सेवा त्यानंतर कधी बंद, कधी चालू. धावपट्टी आहे, इमारत आहे, प्रश्न येतो तो रोज विमान कोण उडवणार याचा. ट्रॅकचं किंवा मोठ्या क्रीडासंकुलाचंही तेच. बांधकामाचे पैसे एकदाच लागतात; गवत कापणारा, दिवे लावणारा, पहारा देणारा यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याची तरतूद कोनशिलेवर लिहिलेली नसते.

बिदर-कलबुर्गीत (गुलबर्ग्याचं आजचं नाव) आज कुणी शर्यतीचा ट्रॅक मागितलेला नाही. पैसा मात्र येतो. घटनेच्या ३७१ (जे) कलमानंतर कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाचा निधी वाढत गेला. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात या मंडळासाठी ५००० कोटी रुपये जाहीर झाले. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयनगर अशा सात जिल्ह्यांत तो वाटला जातो. एवढ्या रकमेतून उद्या एखादं भव्य क्रीडासंकुल निघालं तर आश्चर्य वाटायला नको. निघावंही, मुलांना मैदान हवंच. फक्त त्या वेळी शुल्क कुणाला, तोटा कुणाचा, करार मोडला तर हाती काय उरणार आणि वर्षाला देखभालीचा खर्च किती, हे चार आकडे कोनशिला बसण्याआधी समोर आले पाहिजेत.

ते मागायची जागाही आहे. कर्नाटकातल्या नगरपालिका आणि महापालिका अर्थसंकल्प मांडण्याआधी नागरिकांची पूर्वबैठक घेतात. तिथं सहसा कंत्राटदार, माजी नगरसेवक आणि दोन-चार पत्रकार असतात. खुर्च्या रिकाम्या राहतात. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद इथल्या वाचकांनी या वर्षी त्या बैठकीला जावं, आणि मोठ्या कामाच्या कराराची प्रत तिथं मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागावी. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.